उपद्रष्टा : जवळ असूनही मध्ये न येणारा



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक २२.

या श्लोकात भगवंत देहात राहणाऱ्या परमपुरुषाची नावं सांगतात. भर्ता, भोक्ता, महेश्वर... पण त्या सगळ्यांच्या आधी येतं ‘उपद्रष्टा’. उप म्हणजे जवळ आणि द्रष्टा म्हणजे बघणारा. हा शब्द मी कित्येक वर्षं नुसता म्हणून पुढे जायचो. एकदा एका होडीत मात्र तो माझ्यापाशी अडून बसला.

आम्ही ओझरचे. (अष्टविनायकातलं नाही हो, नाशिकचं, मिगचं ओझर!) आम्हाला सवय मान वर करून बघायची. आवाज आला की अंगणात पळायचं आणि विमान शोधायचं. समुद्र तसा लांबच. गेल्या हिवाळ्यात मालवणला डॉल्फिनच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक म्हणून एक दिवस जायला मिळालं, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी निघालो. सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला, तारकर्लीचा किनारा डावीकडे ठेवून देवबागकडे, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिकडे. या किनाऱ्याला दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर. तो उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळच राहतो. म्हणून आपल्या जाळ्यांचा, होड्यांचा त्रासही त्यालाच जास्त. जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यातही त्याला वरचं संरक्षण आहे.

काम साधं असतं. होडी ठरलेल्या रेषेवर चालते. एकजण डावीकडे बघतो, एकजण उजवीकडे, तिसरा लिहितो. परावरच्या खाचांचे फोटो काढतात, त्यावरून कोण कोणता ते ओळखू येतं. काही दिसलं नाही तरी लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंदच. पहिले दोन तास मी शून्यच लिहीत होतो.

आणि मग एक मादी वर आली. फुस्स करून श्वास सोडला. तिच्या अंगाला चिकटून एक पिल्लू!

आमच्या गटाच्या ताई दुसऱ्या बाजूला कॅमेरा सावरत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, थोडं जवळ घ्या ना.”

तांडेलकाकांनी माझ्याकडे पाहिलं. “जवळ घेव काय?”

मी मान हलवली. होडी वळली. मादीही वळली, पिल्लाला पलीकडच्या अंगाला घेतलं आणि दोघं खाली गेली. आम्ही इंजिन बंद करून थांबलो. काही नाही.

काका म्हणाले, “पिल्लू आसा तिच्याबरोबर. ती आता येवची नाय.”

फॉर्म माझ्याच हातात होता. त्यात एक रकाना होता, होडीमुळे वागण्यात काही बदल झाला का? तिथे मला ‘नाही’ लिहिता आलं असतं. डॉल्फिन तर बुडी मारतातच. कुणाला कळणार होतं? पेन्सिल थोडा वेळ तशीच राहिली. मग लिहिलं, ‘होडी जवळ नेल्यावर दिशा बदलून बुडी.’ आणि ताईंना सांगितलंही, माझ्यामुळे झालं म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बरं झालं लिहिलंस. नाहीतर आपली चूक त्यांच्या स्वभावात जमा झाली असती.”

मंडळी, हे वाक्य मला अजून सोडत नाही.

मी काही वाईट हेतूने जवळ गेलो नव्हतो. प्रेमच होतं. पण ते कुणासाठी होतं? तिला माझी काही गरज नव्हती. गरज माझी होती, आणि तिला मी प्रेम असं नाव दिलं होतं. आमच्या ओझरला चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांची यात्रा भरते. गर्दीतून पुढे घुसून आपण म्हणतो, ‘दर्शन घेतलं.’ पण दर्शन घ्यायचं असतं का? ते दिलं जातं. आपण फक्त तिथे हजर असायचं.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. मला वाटायचं, हा दुसरा जरा कोरडाच दिसतोय. पण गीतेतल्या त्याच श्लोकात उपद्रष्ट्याला भर्ता, म्हणजे सांभाळणारा, असंही म्हटलंय. म्हणजे लांब राहणं ही बेपर्वाई नाही. डॉल्फिन जाळ्यात अडकला तर नुसतं बघत बसायचं नसतं. तेव्हा मच्छीमार आपलं महागाचं जाळं कापून त्याला सोडतात, आणि त्यासाठी महाराष्ट्र सरकार २०१८पासून भरपाईही देतं. जाळं कापणारा हात आणि माझा ‘जवळ घ्या ना’, दोन्ही जवळच जातात. फरक एकच, कुणाच्या गरजेसाठी?

आजचा छोटासा संकल्प : एखादा मित्र गप्प असेल तर ‘सांग ना, काय झालं’ म्हणून उकरायच्या आधी स्वतःला विचारूया, हे त्याला हवंय की मला? उत्तर ‘मला’ असं आलं, तर होडी थोडी लांब ठेवूया. इंजिन बंद. पण जायचं नाही, तिथेच थांबायचं.

राम कृष्ण हरी.