घाम वाळण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात बीडकडील तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील गाळप त्यांच्याच कोयत्यावर चालते. मुकादम उचल देऊन त्यांना बांधून घेतो. तरीही ‘टोळी पळाली’ ही तक्रार जुनीच आहे. उचलीने माणूस अडकतो, मन जडत नाही.

मदयनच्या वृद्ध गृहस्थाने हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवताना ८ वर्षांची मुदत आधीच स्पष्ट केली आणि त्यांना कष्टात लोटण्याचा आपला हेतू नसल्याचेही सांगितले (सूरह कसस, २८:२७). हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची १० वर्षे सेवा केली, त्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी ‘उफ्’देखील म्हटले नाही. आपल्या गॅरेजमधला पोरगा सहा महिन्यांत का निघून जातो, याचे उत्तर येथे सापडावे!

मजुरी घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही हदीस आपणांस मुखोद्गत असते आणि बाजाराच्या दिवशी मजुराला ‘सोमवारी बघू’ म्हणतो. पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, असे बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. येत्या जुम्याच्या नमाजपूर्वी आपण आपली हजेरीवही उघडून कोणाचे किती देणे राहिले आहे ते पाहावे.