ही चित्रफीत कोणाकडून आली?

२३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढविली गेली. तीत जावेद करीम हा तरुण अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडेविषयी दोन शब्द बोलतो. सारे मिळून एकोणीस सेकंद. परंतु बोलणारा कोण, तो कोठे उभा आहे, हे पाहणाऱ्यास कळते. आजही घरी वळलेल्या शेवया दाखविणारी गृहिणी किंवा गावच्या उखडलेल्या रस्त्याचे चित्रण करणारा युवक हेच करीत असतो. ज्यांना ना वृत्तपत्र ना व्यासपीठ, त्यांना वाचा फुटली, ही अल्लाहची कृपाच म्हणावी लागेल.

प्रश्न उभा राहतो तो चित्रफीत हातोहात पुढे जाऊ लागते तेव्हा.

वाचकहो, हदीस संकलित करणाऱ्या इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी केवळ मजकूर पाहिला नाही. तो कोणी कोणाकडून ऐकला, ही साखळी म्हणजेच इस्नाद त्यांनी तपासली; प्रत्येक निवेदकाचा सच्चेपणा आणि स्मरणशक्ती पारखली. मधला एक जण अज्ञात निघाला, तरी ते कथन दुर्बल ठरे. आपल्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चित्रफितीवर मात्र ‘फॉरवर्डेड’ एवढाच शब्द असतो. साखळी आहे, पण तिच्यातील सर्व नावे पुसलेली!

‘आम्ही डोळ्यांनी पाहिले’, असे आपण म्हणतो. वस्तुतः पाहिले ते कॅमेऱ्याने, आणि आपल्यापर्यंत पोहोचले ते कोणीतरी कापून ठेवले तेवढेच. २०१८ साली मूल पळविल्याची एक चित्रफीत भारतभर फिरली. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलस्वार मूल परत आणून देतात, हा शेवटचा भागच कोणीतरी छाटून टाकला होता. अशा अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले.

अशा चित्रफिती पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नीयत वाईट नसावी. शेजाऱ्यांची मुले सुरक्षित राहावीत, एवढीच त्यांची इच्छा असणार. मग चांगल्या नीयतीने दोष धुतला जातो काय? सूरह हुजुरातची सहावी आयत आपण लक्षपूर्वक वाचावी. अविश्वसनीय माणसाने वार्ता आणली, तर शहानिशा करण्याची तेथे आज्ञा आहे, आणि कारण सांगितले आहे ते अजाणतेपणाने लोकांना इजा होण्याचे. द्वेषाने नव्हे, अजाणतेपणाने! म्हणजे ही आज्ञा दुष्टांपेक्षा आपल्यासारख्या भल्या माणसांनाच अधिक लागू पडते.

व्यवहारात अडचण येते ती घरातच. कुटुंबाच्या ग्रुपवर चाचाजान काही पाठवितात आणि धाकट्यांना विचारण्याचा संकोच वाटतो. तरीही सलाम करून, नम्रपणे विचारावे, ‘चाचाजान, हे आपल्याला कोणी पाठविले? त्यांना कोणी?’ ही बेअदबी नव्हे. हदीसच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वृद्ध उस्तादांना हाच प्रश्न विचारला होता, आणि उस्तादांनी नावे सांगितली होती.