दूरच्या युद्धाचा संकल्प

दूर देशी चाललेल्या युद्धाविषयी जाहीर मत मांडणे हे पूर्वी संपादकाचे अथवा सभेतील वक्त्याचे काम असे. खिशातील फोनमुळे ते आता सर्वांस सुलभ झाले आहे. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेला कामगारही घरी पोहोचण्यापूर्वी गाझा अथवा युक्रेनविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहून मोकळा होतो. यात वावगे काही नाही. परक्याच्या दुःखाने मन कळवळणे ही माणुसकीचीच खूण होय. तथापि प्रत्येक कळवळा अस्सल असतोच असे नाही, आणि तो पारखण्याची एक कसोटी आम्हांस सुचते.

युक्रेनचे युद्ध फेब्रुवारी २०२२ पासून व गाझाचे ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे घरोघर चर्चेत आले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानातही सैन्य व निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक माणसे घरांतून उठली, पुढे दुष्काळही पडला. त्यावरून इंदुरात कोणी हमरीतुमरीवर आल्याचे आम्ही पाहिले नाही. असे का व्हावे? उत्तर कटू आहे. गाझाच्या नावाने, मग बाजू कोणतीही असो, पलीकडच्या गल्लीतील माणसाशी भांडता येते. सुदानच्या नावाने येथे कोणाशीच भांडता येत नाही. परक्याच्या प्रेताची काठी करून शेजाऱ्यास हाणावयाचे आणि त्याला करुणा म्हणावयाचे, हाच तो दंभ.

आमचे वडील पौरोहित्य करतात, त्यामुळे संकल्प आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. कोणतेही कर्म त्यावाचून सुरू होत नाही. यजमान प्रथम आपला ठावठिकाणा उच्चारतो: देश कोणता, नर्मदेचा तीर कोणता (आपल्या इंदुरास उत्तर तीर), तिथी कोणती, गोत्र व नाव काय. मग आपण काय करणार ते सांगतो, आणि शेवटी ताम्हनात उदक सोडतो. म्हणजे आपण कोठे उभे आहोत हे सांगितल्यावाचून आणि हातचे काही सोडल्यावाचून नुसत्या शब्दाला कर्माचे मोल येत नाही. युद्धावर लिहिणाऱ्यानेही आरंभी मनाशी म्हणावे की मी तेथून हजारो मैल दूर आहे, तेथली भाषा मला येत नाही, माझ्या छपरावर बाँब पडत नाही. एवढे म्हटल्यावर पुष्कळशा ओळी लिहाव्याशाच वाटणार नाहीत.

उदक सोडणे म्हणजे काय, हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे पाहावे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस चिनी भाषा शिकले. ज्यांच्यासाठी गेलो त्यांचे बोलणे समजले पाहिजे, ही नम्रता आम्हांस त्यांच्या शौर्याहून मोठी वाटते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. त्या वेळी आपला देशच पारतंत्र्यात होता. ‘आधी घरचे पाहा’ असे त्यांस कोणी म्हटले असते, तर ते तर्काला धरूनच झाले असते. मात्र त्यांच्या हातून वाचलेले कित्येक चिनी शिपाई वाचले नसते.

‘आधी घरचे पाहा’ म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांचीही झडती घेतली पाहिजे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवणाऱ्या आपल्या शहरात, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, पोलोग्राउंडहून फारसे दूर नसलेल्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. गाझासाठी हळहळणाऱ्यांना हसणाऱ्यांपैकी किती जण स्वच्छ पाण्याचा एक हंडा घेऊन तेथे गेले? (गेलेही असतील, ज्यांनी छायाचित्रे टाकली नाहीत त्यांचे जाणे आम्हांस कसे कळावे?) घरचे दुःख हे दूरच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याचे निमित्त झाले, तर तोही दंभच, फक्त दुसऱ्या बाजूचा.

सर्वांनाच कोटणीसांसारखे जाता येणार नाही, हे उघड आहे. पोलोग्राउंडच्या कामगाराने एका दिवसाची मजुरी रेडक्रॉसकडे पाठवली तरी ते उदकच. तेही न जमले, तर आलेले चित्र पुढे धाडण्यापूर्वी ते कोठले व कोणत्या वर्षाचे, एवढे तरी पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीरियाच्या जुन्या युद्धातील चित्रे गाझाची म्हणून फिरली. त्या चित्रांतील मुलांचे दुःख खरेच होते, पण पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांस ती मुले सीरियाची होती हे आजही ठाऊक नसेल.