उतारशाळेवाला कोण?



दाढ दुखू लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. ताप आला तर निदान पांघरूण घेऊन पडून राहता येते. दाढदुखीत पडवत नाही, बसवत नाही आणि रात्र काही सरत नाही. आपल्या ख्रिस्तसभेत या दुखण्यासाठीसुद्धा एक संत आहे. इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रिया शहरात जमावाने ख्रिस्ती लोकांवर हल्ले केले. तेव्हा अपोलोनिया नावाच्या वयोवृद्ध कुमारिकेचे दात तोडून तिचा छळ करण्यात आला. तिने श्रद्धा सोडली नाही. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. तिच्या चित्रात तिच्या हाती चिमटा दाखवतात आणि चिमट्यात दात. दातदुखीने बेजार झालेले भाविक शतकानुशतके तिच्याकडे मध्यस्थीची याचना करीत आले आहेत.

दुखणे सगळीकडे सारखेच असते, उपचार मात्र सारखे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना दातांचे किंवा तोंडाचे आजार आहेत. त्यांतील चारांपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. शहरात एकेका रस्त्यावर दातांचे चार दवाखाने दिसतात आणि डोंगरातल्या गावाला एकही नसतो.

ही तफावत ज्यांच्या मनाला लागते, त्यांतले काही जण उठून कामाला लागतात. अमेरिकेतील अनेक चर्चमधून स्वयंसेवकांचे गट होंडुरास, ग्वाटेमाला अशा देशांतील दुर्गम गावांना जातात. गटात एखादा सुतार असतो, एखादा वायरमन, दोन-तीन दंतवैद्य आणि बाकीचे विटा-सिमेंट वाहणारे कॉलेजचे विद्यार्थी. धर्मग्रामातील लोक त्यांच्यासाठी वर्गणी काढतात. एक-दोन आठवड्यांत भिंती उभ्या राहतात, छप्पर चढते, दातांची खुर्ची बसवली जाते. शेवटच्या दिवशी मिस्सा होते, दवाखान्याला आशीर्वाद दिला जातो, फोटो निघतात. निरोप घेताना दोन्हीकडचे डोळे ओले होतात.

हे काम चांगले आहे का? हा काय प्रश्न झाला, असे तुम्ही म्हणाल. पण तो एका कॅथलिक धर्मगुरूनेच विचारला होता आणि फार कठोर शब्दांत विचारला होता. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांच्या परिषदेत फादर इव्हान इलिच बोलायला उभे राहिले. सुट्टीत गरिबांच्या सेवेसाठी आलेल्या त्या तरुणांना त्यांनी सांगितले की, तुमचा हेतू चांगला आहे, पण नुसत्या चांगल्या हेतूने काही होत नाही. आमच्याकडे पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला मात्र येऊ नका. ज्यांना तुम्ही मदत करता, त्यांनी तुम्हाला बोलावले होते का?

हे ऐकून राग येणे स्वाभाविक आहे. दाढ सुजून तीन रात्री जागलेल्या बाईला इलिच यांचे भाषण ऐकवून काय उपयोग? तिची दाढ कोणीतरी काढली पाहिजे. सेवा करताना स्वयंसेवकाला आनंद झाला म्हणून त्याची सेवा खोटीही ठरत नाही. आनंदाने देणारा देवाला आवडतो, हे संत पौलाने आपल्याला शिकवलेच आहे. तरीही इलिच यांचा प्रश्न झटकून टाकता येत नाही आणि दातांच्या दवाखान्याच्या बाबतीत तर तो जास्तच बोचतो.

कारण प्रार्थनामंदिर बांधले की लोक त्यात स्वतः प्रार्थना करू शकतात. विहीर खणली की पाणी शेंदू शकतात. दातांचा दवाखाना बांधला म्हणजे फक्त एक खोली झाली. ड्रिलसाठी कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते. अवजारे निर्जंतुक करण्याचे यंत्र लागते, स्वच्छ पाणी लागते. भुलीच्या औषधाची मुदत संपते, यंत्राचा एखादा लहानसा भाग बिघडला तरी सगळे अडते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे खुर्चीजवळ उभे राहणारे माणूस लागते. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण इथे वेगळ्या रीतीने खरी ठरते. खुर्ची आहे तर डॉक्टर नाही, डॉक्टर आले तर वीज नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चार दिवसांच्या शिबिरात रांग मोठी आणि वेळ थोडा असतो. दात वाचवायचा तर रुग्णाला पुन्हा पुन्हा यावे लागते, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरच नसतो. म्हणून बहुतेक वेळा दात काढला जातो. मुलाची पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती वयाच्या दहाव्या वर्षी काढून टाकली, तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही. दुखणे थांबवले हे पुण्यच आहे. पण जी दाढ वेळीच भरून वाचली असती, ती केवळ आपल्याला परतायची घाई होती म्हणून गेली, तर ते कोणाच्या खात्यावर लिहायचे?

अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील अलास्का राज्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. १९५० च्या दशकात तेथील कॉपर व्हॅली या आडबाजूच्या भागात येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासी आणि इतर मुलांसाठी एक वसतिगृहशाळा उभारली. १९५६ साली नुकतेच कॉलेज पूर्ण केलेले काही तरुण-तरुणी तिथे स्वेच्छेने सेवेला आले. जेझुइट व्हॉलंटिअर कोअर या आज सर्वपरिचित असलेल्या स्वयंसेवी चळवळीचा आरंभ तिथेच झाला. पुढे १९७१ साली ती शाळा बंद पडली आणि १९७६ मध्ये आगीत इमारतही गेली. ज्या भिंतींपासून चळवळ सुरू झाली, त्या टिकल्या नाहीत. चळवळ मात्र टिकली, कारण ती माणसांत रुजली होती.

आता त्याच अलास्कातील दातांची गोष्ट पाहू. तेथील युकॉन-कुस्कोक्विम नद्यांच्या मुखाकडील प्रदेशात युपिक आदिवासींची गावे आहेत. बहुतेक गावांना जोडणारा रस्ताच नाही. लहान विमान, होडी किंवा बर्फावरून धावणारी गाडी, एवढाच मार्ग. पूर्वी हे लोक मासे आणि शिकारीवर जगत. दुकानातील गोड सरबते आली आणि मुलांचे दात किडू लागले. २००८ साली तेथील काही गावांत तपासणी झाली, तेव्हा चार-पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी ८७ मुलांचे दात किडलेले आढळले. बाहेरचे दंतवैद्य अधूनमधून विमानाने येत, थोडे दिवस काम करीत आणि परत जात.

तेथील आदिवासींच्या स्वतःच्या आरोग्य संस्थांनी वेगळा विचार केला. न्यूझीलंडमध्ये १९२१ पासून शाळांसाठी खास दंत-परिचारिका तयार केल्या जात होत्या. २००३ साली अलास्कातून काही तरुण-तरुणी दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. परत आल्यावर ते आपल्या लोकांत राहून दात तपासू लागले, किडलेले दात भरू लागले, साध्या दाढा काढू लागले. गुंतागुंत असेल तिथे ते दूरच्या दंतवैद्याचा सल्ला घेत.

याला विरोधही झाला. २००६ साली अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांच्याविरुद्ध दावा लावला. संघटनेचे म्हणणे असे, की पूर्ण शिकलेल्या डॉक्टरऐवजी अर्धवट शिकलेला माणूस पाठवणे म्हणजे गरिबांना दुय्यम दर्जाची सेवा देणे. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबाला उरलेसुरले द्यायचे, ही सवय आपल्यालाही आहे. पण २००७ मध्ये न्यायालयाने या दंतसेवकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांचे काम सुरू राहिले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांना असे दिसले, की जिथे हे सेवक अधिक दिवस होते, तिथे दात काढण्याचे प्रमाण कमी होते आणि वेळीच घ्यायच्या काळजीचे प्रमाण जास्त होते. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या डॉक्टरपेक्षा रोज भेटणारा साधा सेवक त्या लहान दातांना जास्त उपयोगी पडला. गावाच्या घरोब्यातला माणूस आईला म्हणू शकतो, ‘अगं, बाळाच्या बाटलीत सरबत घालू नकोस.’ पाहुण्याने तेच सांगितले तर ते कानावरून जाते.

बंधू-भगिनींनो, आता संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला पुन्हा वाचू या. आपण नेहमी याजकाला आणि लेव्याला दोष देतो, शोमरोन्याची स्तुती करतो आणि पुस्तक मिटतो. एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. शोमरोनीसुद्धा दुसऱ्या दिवशी निघून गेला! त्याला त्याचा प्रवास होता, त्याची कामे होती. तो त्या जखमी माणसाजवळ आयुष्यभर बसून राहिला नाही आणि प्रभू येशू त्याबद्दल त्याला दोष देत नाही. मग तो आदर्श कसा ठरला?

जाण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी केल्या. जखमी माणसाला त्याने तिथेच राहणाऱ्या उतारशाळेवाल्याच्या हाती सोपवले. त्याच्या हातात दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी ठेवली. आणि परत येण्याचे, उरलेला खर्च भागवण्याचे वचन दिले. रस्त्यावर त्याने दया दाखवली. उतारशाळेत त्याने जबाबदारीची व्यवस्था लावली. ही व्यवस्था नसती, तर तेल आणि द्राक्षारस लावून बांधलेली जखम चार दिवसांत पुन्हा चिघळली असती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०२० च्या ‘फ्रतेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात या उतारशाळेवाल्याची आठवण करून दिली होती. एकट्याने सगळे करता येत नाही, म्हणून शोमरोन्याने दुसऱ्याची साथ घेतली.

म्हणजे पाहुणा म्हणून सेवेला जाणे हे पाप नाही. उतारशाळेवाला न शोधता निघून येणे ही उणीव आहे. इलिच यांच्या कठोर प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. २००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात लिहिले, की सेवा करणाऱ्याकडे आधी कामाचे उत्तम ज्ञान हवे, पण तेवढे पुरत नाही, सोबत हृदयही हवे. आपण सहसा उलट चुकतो. हृदय भरून आले की ज्ञानाची आणि व्यवस्थेची चौकशी करणे आपल्याला कोरडेपणाचे वाटते. प्रीती खरी असेल, तर ती हिशेबही नीट करते.

हे आपल्या महाराष्ट्रालाही नवे नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला गेले, तेव्हा त्यांनी दवाखाना काढलाच, पण खरा भर दिला तो खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यावर. त्यांतल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. डॉक्टर परतल्यावरही ज्या गावातच असतात, त्यांच्याच हाती त्यांनी ज्ञान दिले.

आपल्या चर्चमधूनही आदिवासी पाड्यांवर दंतशिबिरे जातात आणि जावीत. कपडे, टूथब्रश, औषधे आपण उदारपणे देतो. पुढच्या वेळी पिशव्या भरण्यापूर्वी तीन साधे प्रश्न एकमेकांना विचारू या. पाड्यावरच्या लोकांनी हे मागितले आहे का? आपण आल्यानंतरच्या सोमवारी तिथे कोण असेल: आशा ताई, आश्रमशाळेतील शिक्षिका, मिशनमधील सिस्टर की कोणीच नाही? आणि पुन्हा कधी यायचे, ती तारीख ठरली आहे का?

फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज असते असेही नाही. १९८० च्या दशकात टांझानियात विजेशिवाय, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी वापरले जाणारे दातांचे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. खर्च थोडा आहे. महाग आहे ती चिकाटी. पाड्यावरच्या एखाद्या हुशार मुलीच्या प्रशिक्षणाची फी भरण्यात उद्घाटन नसते, फीत कापायची नसते, दगडावर आपल्या चर्चचे नाव कोरले जात नाही. कदाचित म्हणूनच ते दान अधिक शुद्ध असेल.

दाखल्यातील उतारशाळेवाल्याचे नाव शुभवर्तमानात नाही. शोमरोनी निघून गेल्यावर रात्री जखमी माणसाला पाणी कोणी पाजले, पट्टी कोणी बदलली, हेही लिहिलेले नाही. ते ज्याने केले त्याच्यावाचून शोमरोन्याची दया अर्धीच राहिली असती. प्रभू आपल्याला शोमरोन्याचे हृदय देवो, आणि उतारशाळेवाला शोधून त्याच्या हातात दोन दीनार ठेवण्याचे शहाणपणही देवो.