सेवानिवृत्ति की कार्यनिवृत्ति?

सावनेरच्या कोळशाच्या खाणीतून ६० व्या वर्षी निवृत्त झालेला मनुष्य दारात बसून म्हणतो, "आता आमचा काय उपयोग?" ज्याचा पगार मिळत नाही ते कामच नव्हे, ही समजूत ह्या प्रश्नात दडलेली आहे. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. पुढे १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. आणि १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाकरितां मंडळ काढिले.

सर्वांस तितकी शक्ति नसते, हे आम्ही जाणतो. झिजलेल्या देहाला विसावा देणे हा दोष नव्हे. परंतु शेजारच्या मुलास अक्षरे शिकविणे, निरक्षराचा अर्ज लिहून देणे, एवढे बसल्या जागीही होते. पगार थांबतो, शेजारधर्म थांबत नाही.