परक्याची ओळख मुलांस करून द्या

शास्त्रपाठ : मत्तय २:१३-१५, लेवीय १९:३३-३४

नाताळच्या दिवसांत आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील मुले गव्हाणी, मेंढपाळ व मागी लोक यांचा देखावा मोठ्या हौसेने करितात. परंतु मागी लोक परतले की पडदा पडतो. पुढे हेरोद बाळाच्या जिवावर उठला आणि योसेफाने रातोरात मायलेकरांस घेऊन मिसर देशाची वाट धरिली, हे मुलांस क्वचितच दाखविले जाते. आमचा तारणारा बालपणीच निर्वासित झाला. ज्या मुलास हे ठाऊक नाही, त्याला निर्वासित म्हणजे केवळ परका वाटला तर नवल काय?

म्हणून प्रथम शब्दांचा अर्थ नीट सांगावा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशा साधार भीतीने जो स्वदेश सोडतो, तो निर्वासित, असे १९५१ च्या जिनिव्हा कराराने ठरविले. ज्याने आश्रय मागितला, परंतु ज्याच्या अर्जाचा निकाल लागावयाचा आहे, तो आश्रयार्थी. हाती कागद नाही म्हणून तो चोर ठरत नाही. संकटाचा पुरावा दे, असे योसेफास मिसरच्या सीमेवर कोणी म्हटले असते, तर त्याने काय दाखविले असते? एक स्वप्न, आणि कडेवरचे मूल!

दुसरे, उदाहरण जवळचे द्यावे. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबे सैबेरिया व कझाकस्तान येथे नेऊन टाकिली. त्यांतील सुमारे पाच हजार जण, बहुतेक स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. ते गेल्यावर फाळणीने घरदार हरपलेले सिंधी लोक त्याच जागी वसले. तेच आजचे गांधीनगर. तेथील कापडपेठेत आज दूरदूरचे लोक खरेदीस येतात. काल ज्याने आसरा मागितला, तो आज दुसऱ्यास रोजगार देतो, हे मुलांनी अवश्य जाणावे. आमच्या देशाने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरी १९५९ पासून तिबेटी लोकांस आणि १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या सुमारे एक कोटी जिवांस येथे आसरा मिळाला, हेही सांगावे.

तिसरे, शिकविताना जपावे. लहानग्यांस रक्तपाताची वर्णने ऐकवून भिववू नये. वर्गात घर हरपलेले एखादे लेकरू असल्यास त्याला उभे करून त्याची हकीकत वदवू नये. त्याचे दुःख हे आमच्या पाठाचे साहित्य नव्हे. ते आपण होऊन बोलेल तेव्हा ऐकावे. तसेच, केवळ कीव करावयास शिकवू नये. कीव करणारा उंच ओट्यावर बसतो आणि दुसऱ्यास अंगणात उभे करितो. शास्त्र तर परक्यास स्वदेशीयासारखे मानावयास सांगते, आणि इस्राएल लोकांस मिसरातील त्यांच्या परकेपणाची आठवण देते.

या पाठाची परीक्षा दूर देशी होत नाही. साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड्यांची मुले आमच्या गावांत येतात. ती निर्वासित नव्हेत. हंगाम सरला की ती आपल्या गावी परततात. पण शाळेत त्यांना कोण शेजारी बसू देतो? देवळाच्या पायरीवर त्यांच्याशी कोण बोलतो? आमची मुले पाठ पुस्तकातून घेत नाहीत, आमच्या वागणुकीतून घेतात.

तर उपदेशक बंधूंनो व मातांनो, यंदा देखाव्याचा पडदा थोडा उशिरा पाडा. मिसरची वाटही मुलांस चालू द्या. त्या वाटेवर ज्या अनामिकांनी बाळाला पाणी व निवारा दिला असेल, त्यांच्यांत आमची लेकरे गणली जावोत, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांवर करो. आमेन.