दुसऱ्या हातचा घास

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणं लांबून सोपं वाटतं. पाठीला आधार देऊन त्याला ताठ बसवायचं, मान मागे कलू द्यायची नाही, मऊ कालवलेला वरणभात छोट्या चमच्याने द्यायचा आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा पुढे करायचा नाही. घाई केली की ठसका लागतो. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची धास्ती. एकेका जेवणाला तास-तास जातो, आणि हे वर्षानुवर्षं. असं करणाऱ्या बाईला आपण ‘धन्य ती माउली’ म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. मला या कौतुकाचा रागच येतो. एकदा माउली ठरवलं की ‘मी दमलेय, दोन दिवस याला कुणीतरी सांभाळा’ असं म्हणायची तिला सोयच उरत नाही.

अशी सोय करता येते. ऑक्सफर्डच्या सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका यांनी हेलन नावाच्या, मेंदूच्या आजाराने परावलंबी झालेल्या मुलीला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेतलं, ते तिच्या आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून. त्यातूनच १९८२ मध्ये गंभीर आजारी मुलांसाठी ‘हेलन हाउस’ उभं राहिलं. आपल्याकडेही १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा तात्पुरत्या सांभाळासाठी ‘समर्थ’ योजना निघाली. पण आपल्या जवळपास असं केंद्र आहे का, हे किती पालकांना सांगता येईल?

मूल दुसऱ्याकडे ठेवलं म्हणजे टाकलं, असा आपल्याकडे समज. आणि त्याच घरात रात्री दिवा मालवल्यावर प्रश्न असतो, ‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ फक्त आईच्याच हातून जेवणारं मूल, ती साध्या ऑपरेशनसाठी अॅडमिट झाली तरी उपाशी राहतं. मावशीच्या, काकाच्या, केंद्रातल्या ताईंच्या हातून जेवायची सवय आई धडधाकट असतानाच लागायला हवी. सुरुवातीला ते रडेल, घास थुंकेल. त्या वेळी आईने धावत यायचं नाही, हे तिच्यासाठी फार अवघड.

शेजारी असं घर असेल, तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. आई सांगणार नाही. ‘रविवारी चार ते सहा मी बसते, भरवायचं कसं ते आधी दाखवा,’ असं म्हणा. औषधाची वेळ आणि फिट आली तर काय करायचं, तेवढं मात्र लिहून घ्या.